एका पानावरचे तीन पाइक

अर्धविराम (धागाकर्ती)

अनुवाद करताना अडले की मी या विभागात येते, हे इथल्या जुन्या सदस्यांना ठाऊक आहे. या खेपेला एकाच चार अक्षरी इंग्रजी शब्दाने मला एकाच पानावर तीनदा आडवे केले आहे. उत्तर इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात वाढलेल्या एका बाईंनी नातवंडांसाठी लिहून ठेवलेल्या बालपणीच्या आठवणी मी मराठीत आणते आहे. काळ १९३० च्या दशकाचा आहे. मजकूर घरातल्या घरात वाचण्यासाठी आहे, त्यामुळे शंका विचारायला आता लेखिकाही नाहीत आणि संपादकही नाही.

जुलै महिन्यातील एका दिवसाचे वर्णन करणाऱ्या पानावर 'पाइक' हा शब्द तीन ठिकाणी येतो. तिन्हीकडे अर्थ एकच असणार असे गृहीत धरून पहिला खर्डा केला, तेव्हा हाती आले ते असे: "अंधार पडता पडता आम्ही भाल्यावरून आलो. वडील अजून भालाइतांचे नेतृत्व करत होते. रात्री जेवायला भाला होता."

मनसोक्त हसून झाले की मूळ वाक्ये पाहावीत. पहिले 'वी केम ऑफ द पाइक ॲट डस्क', दुसरे 'फादर वॉज स्टिल लीडिंग पाइक्स', आणि तिसरे 'देअर वॉज पाइक फॉर सपर'. तिसऱ्यातला पाइक हा मासा आहे, एवढे मला उशिरा का होईना कळले. पहिल्यासाठी कोशातला 'टोल द्यावा लागणारा हमरस्ता' हा अर्थ घेऊन मी 'हमरस्ता सोडून आम्ही घराकडे वळलो' असे केले आहे, पण मन खात्री देत नाही. दुसऱ्या वाक्यापुढे मात्र मी हात टेकले आहेत, कारण वडील साधे शेतकरी होते आणि त्यांच्या हाताखाली भालाईत असण्याचे काहीच कारण नव्हते. शस्त्र, मासा आणि रस्ता हे तिन्ही एकाच शब्दात कसे येऊन बसले, हेही कोणी सांगितल्यास आनंद होईल.

निळी शाई

शीर्षक वाचून मी आपल्याच पाईकाविषयी काही असेल अशा समजुतीने धागा उघडला आणि फसलो. मराठीतील पाईक हा संस्कृत पदातीच्या घराण्यातला, प्राकृतातल्या 'पाइक्क'मार्गे आलेला शब्द आहे. पायी लढणारा शिपाई हा त्याचा मूळ अर्थ, आणि त्यावरून पुढे निष्ठावंत सेवक. तुकोबांचे पाइकीचे अभंग याच अर्थावर उभे आहेत. गंमत अशी की इंग्रजी पाइक खांद्यावर घेऊन चालणारा सैनिकही पायदळातलाच असे, त्यामुळे हे दोन शब्द सख्खे भाऊ असावेत असा मोह कोणालाही होईल. तसे नाते मुळीच नाही. आपला पाईक पायावरून आला आणि त्यांचा पाइक टोकावरून. या धाग्यापुरता मराठी शब्द दीर्घ आणि इंग्रजी शब्द ऱ्हस्व लिहिण्याचा संकेत पाळावा, म्हणजे पुढे घोळ होणार नाही.

दुर्बीण

शस्त्राचा अर्थ धागाकर्तीच्या पानावर बहुधा लागू नाही, तरीही 'भाला' म्हणून त्याची बोळवण होते याचे मला नेहमी वाईट वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इंग्रजीत स्पिअर, लान्स आणि पाइक या तीन वेगळ्या वस्तू आहेत. स्पिअर फेकताही येतो आणि एका हाताने खुपसताही येतो. लान्स हा घोडेस्वाराचा. पाइक हा दोन्ही हातांनी धरायचा, कधीही न फेकायचा, पायदळाचा अतिलांब भाला असून सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये त्याची नेमून दिलेली लांबी १६ ते १८ फूट होती. दांडा बहुधा ॲश नावाच्या झाडाच्या लवचिक लाकडाचा असे, पाते लहान असे, आणि पात्याच्या खाली दांड्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असत, जेणेकरून शत्रूने तलवारीच्या एका घावात टोक छाटून टाकू नये. एवढे लांबलचक धूड घेऊन चालणे जिकिरीचे असल्यामुळे सैनिक गुपचूप दांड्याचा फूटभर तुकडा कापून टाकत आणि अधिकारी त्याबद्दल तक्रारी करत.

एकट्या माणसाच्या हातात पाइक म्हणजे जवळजवळ निरुपयोगी काठी आहे, कारण शत्रू एकदा टोकाच्या आत शिरला की सगळे संपले. हे गर्दीचे शस्त्र आहे. चार-पाच रांगा एकामागे एक उभ्या राहिल्या की मागच्यांचीही टोके पहिल्या माणसाच्या पुढे येतात आणि समोरच्याला माणसे न दिसता नुसते काटेरी कुंपण दिसते. घोडदळ अंगावर येत असताना सैनिक दांड्याचे बूड उजव्या पावलाच्या आतल्या कडेला टेकवून, पुढे झुकून, डाव्या हाताने पाते घोड्याच्या छातीच्या उंचीवर धरी आणि उजवा हात तलवारीच्या मुठीवर ठेवी. त्या क्षणी त्याने करायचे काम एकच होते, ते म्हणजे जागा न सोडणे.

मॅसिडोनियाच्या सैन्याची 'सारिसा' ही याच जातीची असली, तरी युरोपात पाइकचा दबदबा निर्माण केला तो स्विस पायदळाने. १४२२ मध्ये आर्बेदो येथे मिलानच्या सैन्याकडून मार खाल्ल्यावर त्यांनी आखूड परशूंऐवजी पाइकची संख्या वाढवली, आणि १४७६ मध्ये ग्रान्सों व मुर्टेन येथे बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याला लागोपाठ हरवून, १४७७ च्या जानेवारीत नान्सी येथे त्याचा शेवटच केला. पुढे १५२२ मध्ये बिकोका येथे खंदकामागून झडणाऱ्या बंदुकांवर हेच स्विस सैनिक सरळ चालून गेले आणि हजारोंनी कापले गेले. त्यानंतरचा पाइक हा मुख्यतः बंदूक ठासणाऱ्या सोबत्याचा राखणदार होता. बंदुकीच्या नळीवरच संगीन चढवता येऊ लागल्यावर, म्हणजे १७०० च्या आसपास, राखणदाराची गरज संपली.

मराठीत प्रतिशब्द शोधताना मला बरची चालत नाही, कारण ती आखूड आणि फेकण्याजोगी. सांग चालत नाही, कारण ती अख्खी लोखंडी. विटाही चालत नाही, कारण त्याला दोरी असते आणि तो फेकून परत ओढता येतो. मी स्वतः 'लांबभाला' असा जोडशब्द वापरतो.

कोशकीटक

लांबभाला आवडला. मूळ प्रश्न व्युत्पत्तीचा आहे, म्हणून त्याकडे वळतो.

जुन्या इंग्रजीत टोकदार अवजारासाठी, विशेषतः खणण्याच्या अवजारासाठी हा शब्द होताच. नंतर टोचणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला फ्रेंच 'पीक' त्याला येऊन मिळाला आणि शस्त्राचा अर्थ पक्का झाला. त्यामुळे हा एका झऱ्याचा ओढा नसून दोन ओढ्यांचा संगम आहे, पण दोन्हींचे पाणी 'टोक' याच कल्पनेचे. डोंगराचे शिखर या अर्थाचा इंग्रजी 'पीक' हा याचाच उच्चारभेद मानतात. जमिनीत ठोकायचा टोकदार खुंटा म्हणजे पिकेट. त्यावरून पहाऱ्याची तुकडी, आणि त्यावरून कारखान्याच्या दारात उभे राहणाऱ्या संपकऱ्यांचे पिकेटिंग. बैलाला भाल्याने टोचणारा स्पॅनिश पिकाडोर आणि जिभेला टोचणारी 'पिकंट' चव हेही याच गोतावळ्यातले. पत्त्यांतल्या ज्या पानांना आपण इस्पिक म्हणतो, त्यांचे फ्रेंच नाव 'पीक' म्हणजे हेच शस्त्र आहे. इंग्रजी 'स्पेड' मात्र फावड्यावरून नसून तलवार या अर्थाच्या इटालियन-स्पॅनिश शब्दावरून आला आहे, हे पुष्कळ इंग्रजांनाही माहीत नसते.

आता तोतये. 'स्पाइक' हा पाइकच्या मागे स लावून झालेला नाही. त्याचे मूळ वेगळे आहे. 'पाइकलेट' नावाची जाडसर, जाळीदार छोटी धिरडी असतात, त्यांचा टोकाशी काडीचा संबंध नाही. वेल्श भाषेत 'डांबरासारखी भाकरी' अशा अर्थाचा जो शब्द होता, त्याचे इंग्रजांनी केलेले ते मोडके रूप आहे. आणि 'पाइकस्टाफइतके ढळढळीत' असा जो वाक्प्रचार आहे, त्यात आधी पाइक नव्हताच, 'पॅकस्टाफ' होता, म्हणजे पाठीवरचे गाठोडे टेकवण्यासाठी फेरीवाला बाळगत असे ती साधी, घासून गुळगुळीत झालेली काठी. सोळाव्या शतकातच लोकांनी ती काठी बदलून भाल्याचा दांडा करून टाकला.

तळ्याकाठी

मासा हे माझे क्षेत्र आहे. गळ टाकून या माशाची वाट पाहण्यात मी बरीच वर्षे घालवली आहेत, त्यामुळे पाल्हाळ झाल्यास क्षमा असावी.

शास्त्रीय नाव इसॉक्स ल्युसियस. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या थंड गोड्या पाण्यात तो राहतो. लांब सडपातळ अंग आणि बदकाच्या चोचीसारखे चपटे, पुढे निमुळते होत गेलेले तोंड यांमुळे त्याला शस्त्राचे नाव मिळाले. फ्रेंच लोकांनीही स्वतंत्रपणे तीच उपमा निवडली, कारण त्यांचा 'ब्रोशे' हा शब्द मांस भाजण्याच्या सळईवरून आला आहे. इंग्रजीत याआधी त्याला 'ल्यूस' म्हणत, आणि तो शब्द राजघराण्यांच्या व सरदारांच्या चिन्हांच्या वर्णनात अजून टिकून आहे.

पाण्यात तो दिसतो कसा, हे सांगितल्याशिवाय नावातली अचूकता कळणार नाही. हिरवट अंगावर फिकट पिवळसर ठिपके असल्यामुळे पाणवनस्पतींत तो मिसळून जातो आणि पाण्यात बुडालेल्या फांदीसारखा निश्चल राहतो. हलतात ते फक्त कडेचे छोटे पर. पाठीवरचा पर पार शेपटीजवळ असतो, म्हणजे बाणाची पिसे जिथे असावीत तिथे. छोटा मासा टप्प्यात आला की अंगाला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक देऊन तो एकदम सुटतो आणि भक्ष्य बहुधा आडवे पकडून मग फिरवून डोक्याकडून गिळतो. दात आतल्या बाजूला वळलेले आणि टाळूवरही असल्यामुळे आत गेलेले बाहेर येत नाही. मी एकदा निष्काळजीपणे गळ सोडवायला गेलो आणि तर्जनीवर सात बारीक टोचे घेऊन घरी आलो. शब्दाची व्युत्पत्ती मला त्या दिवशी कळली, कोशकीटक यांचा प्रतिसाद आज वाचला एवढेच.

लहान पाइकला 'पिकरेल' म्हणतात, आणि तो अक्षरशः पाइकचा लघुत्ववाचक शब्द आहे. अमेरिकेत मात्र त्याच कुळातल्या वेगळ्या जातींना ते नाव चिकटले. 'पाइकपर्च' हा दुसऱ्याच कुळातला, केवळ तोंडावळ्यामुळे नाव मिळालेला मासा आहे, हे अनुवादकांनी ध्यानात ठेवावे. जर्मनीत हाइलब्रॉनजवळ १४९७ मध्ये सापडलेल्या पाइकच्या गळ्यात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने अडकवलेली कडी होती आणि तो मासा २६७ वर्षांचा होता, अशी दंतकथा आहे; त्याचा म्हणून दाखवला जाणारा सांगाडा पुढे तपासला, तेव्हा त्यात एकाहून अधिक माशांचे मणके जोडलेले निघाले. गळवाल्यांच्या थापांना असा सरकारी थाटाचा पुरावा क्वचितच मिळाला असेल.

धागाकर्तींच्या पानावर तो जेवणात आहे, यात नवल नाही. विंडरमियर या तिथल्या मोठ्या तलावात पाइक आहेतच, आणि १९४० च्या दशकापासून शास्त्रज्ञ त्यांचा तिथे सलग अभ्यास करत आले आहेत. मांसात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे दुहेरी काटे असल्यामुळे जेवताना बोलू नये, एवढी तळटीप अनुवादात जरूर घाला.

अर्धविराम (धागाकर्ती)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले आहे की मूळ अडचण विसरायला झाली. मासा पक्का झाला. लेखिकाही त्या जेवणाविषयी 'कोणी काही बोलत नव्हते' असे पुढे लिहितात, आणि मी ते घरातल्या भांडणाचे लक्षण समजले होते! आता रस्त्याचे काय?

मैलाचा दगड

रस्त्याविषयी मी सांगतो, पण आधीच बजावतो की तुमच्या वाक्यात रस्ता बसतो असे मला वाटत नाही.

मूळ शब्द 'टर्नपाइक', म्हणजे फिरणारा पाइक. घोडेस्वारांची वाट अडवण्यासाठी टोकदार दांडे बसवलेली, आसाभोवती फिरणारी आडकाठी असे, तिचे हे नाव. पुढे तीच आडकाठी पैसे घेऊन वाट मोकळी करणाऱ्या नाक्यावर आली, म्हणून नाक्याला टर्नपाइक. मग त्या नाक्यावरून जाणाऱ्या अख्ख्या रस्त्याला टर्नपाइक. आणि शेवटी घाईत बोलणाऱ्यांनी 'टर्न' गाळून नुसता पाइक ठेवला. या शब्दाने आधी टोक गमावले, मग आडकाठी गमावली, आणि आता त्याच्यापाशी डांबर उरले आहे.

इंग्लंडमध्ये अशा वसुलीचा पहिला कायदा १६६३ चा, लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या ग्रेट नॉर्थ रोडच्या एका भागासाठी. गावकऱ्यांनी वर्षातून काही दिवस फुकट राबून रस्ता दुरुस्त करावा ही जुनी रीत जड मालगाड्यांपुढे टिकली नाही, म्हणून जो वापरील त्याने भरावे असे ठरले. १८३० च्या दशकापर्यंत हजाराहून अधिक विश्वस्त मंडळे वीस हजारांहून अधिक मैलांचे रस्ते सांभाळत होती. लोकांना हे नाके किती सलत, याची साक्ष वेल्समधील १८३९ ते १८४३ च्या रिबेका दंग्यांत मिळते. चुना आणि कोळसा गाडीतून आणताना दर काही मैलांवर पैसे मोजून बेजार झालेले शेतकरी रात्री बायकांचे कपडे घालून, तोंडाला काजळी फासून येत आणि कुऱ्हाडींनी नाके फोडत. रेल्वे आल्यावर या मंडळांचे उत्पन्न आटले, आणि शेवटचे मंडळ १८९५ मध्ये बंद झाले.

म्हणूनच मला शंका आहे. १९३० च्या दशकातील इंग्रज मुलगी रस्त्याला नुसते पाइक म्हणेल हे संभवनीय नाही. ती सवय अमेरिकेची. तिथे १९४० मध्ये पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक सुरू झाल्यावर नव्या वेगवान टोल रस्त्यांना हे जुने नाव पुन्हा मिळाले. 'कमिंग डाउन द पाइक' म्हणजे लवकरच येऊ घातलेले, हा वाक्प्रचारही तिथलाच, आणि त्यातला पाइक न कळल्यामुळे आता पुष्कळ लोक तिथे 'पाइप' म्हणतात. टोल चुकवण्यासाठी घेतलेल्या आडवाटेला 'शनपाइक' म्हणत, हा शब्द मात्र मला फार आवडतो. 'टोलचुकव्या' असे मराठी करून पाहा. ब्रिटनमध्ये भटक्या समाजांना हिणवण्यासाठी वापरली जाणारी एक शिवीही याच रस्त्यावरून आलेली आहे. ती अनुवादात समोर आली तर कोशातला सौम्य अर्थ घेऊन फसू नये. ती शिवीच आहे.

साडेतीन कोलांट्या

पाण्यातल्या उड्यांचा अर्थ कोणीच सांगितला नाही, याचे आश्चर्य वाटते. मी हा खेळ शिकवते. सूर मारताना गुडघे ताठ ठेवून फक्त कमरेत मोडायचे, पाय आणि धड एकमेकांना टेकवायचे, या स्थितीला पाइक म्हणतात. पश्चिमोत्तानासन हवेत केल्याची कल्पना करावी. स्पर्धेत उडीच्या क्रमांकापुढे स्थितीचे अक्षर येते: ए म्हणजे सरळ, बी म्हणजे पाइक, सी म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन केलेली गाठोडी, डी म्हणजे मुक्त. '१०७ बी' असे फलकावर दिसले की पुढच्या दिशेने सात अर्ध्या, म्हणजे साडेतीन, कोलांट्या पाइकमध्ये होणार असे समजावे.

गाठोडीत शरीर आसाच्या जवळ गोळा झाल्यामुळे ते भराभर फिरते. पाइकमध्ये पाय लांब राहतात, फिरणे मंदावते, आणि पाण्याला पोहोचण्याआधी तेवढ्याच कोलांट्या पुऱ्या करायच्या असतात. म्हणून त्याच उडीला पाइकमध्ये काठिण्यगुण जास्त मिळतात. माझ्या विद्यार्थ्यांची चूक नेहमी एकाच ठिकाणी होते. ते पोट पायांकडे नेण्याऐवजी डोके गुडघ्यांकडे नेतात, पाठीला कुबड येते आणि टोक बोथट होते. मी त्यांना सांगते की घडी कमरेत पडली पाहिजे, पाठीत नव्हे.

कड्यावरचा

धागाकर्ती, 'केम ऑफ द पाइक' या वाक्याच्या आधीचे वाक्य कृपया द्यावे.

अर्धविराम (धागाकर्ती)

आधीच्या वाक्यात सर्व भावंडांनी दगडांच्या राशीवर एकेक दगड ठेवला असे आहे. रस्ता दुरुस्तीची खडी असावी असे मी धरले होते.

कड्यावरचा

ती खडी नव्हे, शिखरावरची दगडांची रास आहे, आणि तुमचा पाइक म्हणजे डोंगर आहे.

उत्तर इंग्लंडमध्ये टोकदार माथ्याच्या डोंगराला पाइक म्हणतात, आणि लेक डिस्ट्रिक्टमध्ये तर पावलोपावली पाइक आहेत. इंग्लंडचे सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक, उंची ९७८ मीटर, हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या तिथल्या लोकांच्या स्मरणार्थ त्याचा माथा लॉर्ड लेकनफील्ड यांनी नॅशनल ट्रस्टला दिला. शेजारचा स्कॅफेल हा दरीतून अधिक रुबाबदार दिसतो, त्यामुळे पूर्वी लोक त्यालाच मोठा समजत. लँगडेल खोऱ्यातला 'पाइक ऑफ स्टिकल' मला अधिक प्रिय आहे. त्याच्या उतारावरच्या घळीत नवाश्मयुगातील माणसे हिरवट ज्वालामुखीजन्य दगड फोडून कुऱ्हाडी घडवत, आणि त्या कुऱ्हाडी ब्रिटनच्या दूरदूरच्या भागांत सापडल्या आहेत. टोकावरून नाव मिळालेल्या डोंगरावर हजारो वर्षांपूर्वी टोके घडवण्याचाच कारखाना होता, हा योगायोग मला तिथे उभा असताना सुचला आणि अजून सोडत नाही.

कोशकीटक म्हणाले त्याप्रमाणे 'पीक' आणि 'पाइक' एकच असतील, तर कोलोरॅडोतील ४,३०२ मीटर उंचीचे 'पाइक्स पीक' हे नाव म्हणजे 'टोकाचे टोक' ठरते. अर्थात तिथला पाइक हे आडनाव आहे. झेब्युलन पाइक या सैनिकी अधिकाऱ्याने १८०६ मध्ये ते शिखर पाहिले, चढण्याचा प्रयत्न केला, आणि कमरेइतक्या बर्फातून माघारी फिरला. न चढलेल्या माणसाचे नाव मिळालेला हा डोंगर गिर्यारोहकांच्या मनात थोडा सलतो.

निळी शाई

आडनावांचा विषय निघालाच आहे तर दोन ओळी. संगणकतज्ज्ञ रॉब पाइक यांनी केन थॉम्पसन यांच्यासह सप्टेंबर १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची पद्धत आखली. या धाग्यातले प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्ह त्या पद्धतीत तीन बाइट जागा घेते, म्हणजे आपण सगळे पाइकविषयी एका पाइकच्या कृपेने लिहीत आहोत. दुसरे भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक. एखादी रीत तिच्या आतल्या माणसाच्या नजरेतून पाहणे आणि बाहेरच्या निरीक्षकाच्या नजरेतून पाहणे यांतला भेद सांगणाऱ्या 'एमिक' आणि 'एटिक' या संज्ञा त्यांनी दिल्या. अर्धविराम यांच्या खडीचे काय झाले, हे त्यांना आवडले असते.

मैलाचा दगड

क्रियापदाचा अर्थ राहून जाऊ नये. ऑस्ट्रेलियात 'पाइक आउट' म्हणजे ऐन वेळी कच खाणे. अमेरिकेत 'पाइकर' म्हणजे चार आण्यांचा जुगारी किंवा चिक्कू माणूस.

दुर्बीण

माझ्या लांबभाल्याच्या निवृत्तीनंतरचे सांगायचे राहिले. शस्त्र कालबाह्य झाले तरी ज्यांच्याकडे बंदुका नव्हत्या त्यांनी ते पुन्हा पुन्हा बाहेर काढले. १७९८ च्या उठावात आयरिश शेतकऱ्यांसाठी गावोगावच्या लोहारांनी पाइक घडवले. १८५९ मध्ये अमेरिकेतील हार्पर्स फेरी या गावावर छापा घालणाऱ्या गुलामगिरीविरोधक जॉन ब्राउन याने गुलामांच्या हाती देण्यासाठी सुमारे एक हजार पाइक बनवून घेतले होते. आणि १९४१ मध्ये, जर्मन आक्रमणाच्या भीतीच्या छायेत, ब्रिटनच्या युद्धखात्याने पोलादी नळीला जुनी संगीन जोडून होमगार्डसाठी अडीच लाख पाइक मागवले. ते पाहून स्वयंसेवकांना एवढा अपमान वाटला की बहुतेक ठिकाणी ते गोदामाबाहेर पडलेच नाहीत. तेव्हा धागाकर्तींचे वडील काही वर्षांनी खरोखरच पाइकवाल्यांच्या तुकडीत असू शकले असते, पण १९३० च्या दशकातल्या जुलैत नक्कीच नाही.

सुगी

हा विभाग मी सहसा वाचत नाही, शीर्षकामुळे आले. दुसऱ्या वाक्याचे उत्तर मी देऊ शकते, कारण जुन्या शेती अवजारांवर मी काही वर्षे काम केले आहे.

जुलै, डोंगराळ उत्तर इंग्लंड आणि शेतकरी वडील, एवढे पुरेसे आहे. तिथे गवत कापून वाळवताना पावसाचा भरवसा नसतो, म्हणून अर्धवट वाळलेल्या गवताचे आधी लहान ढीग करतात आणि मग ते एकत्र करून माणसापेक्षा उंच, वर निमुळता, पाणी निथळून जाईल असा शंकूच्या आकाराचा ढीग शेतातच रचतात. त्या ढिगाला पाइक म्हणतात. आतले गवत पुरते वाळले की तो गोठ्याकडे न्यायचा. आणि 'लीडिंग' म्हणजे तिथल्या बोलीत नेतृत्व करणे नव्हे, गाडीतून वाहून नेणे. पिकालाही तेच क्रियापद, पीट नावाच्या जळाऊ मातीलाही तेच.

हे काम पाहण्यासारखे असे. त्यासाठी अगदी बुटकी, सपाट, मागच्या बाजूने जमिनीला टेकेल अशी कलणारी घोडागाडी असे. ती ढिगाला भिडवायची, दोर ढिगाच्या मागून फिरवायचा, आणि पुढच्या रहाटाने ओढत आख्खा ढीग न मोडता गाडीवर चढवायचा. मग गाडी आडवी करून घोडा हाकायचा. पाऊस येण्याआधी जेवढे पाइक आत जातील तेवढे बरे, म्हणून अंधार पडेपर्यंत काम चाले. 'वडील अजून' यातल्या 'अजून'ला हे कारण आहे.

कोशकीटक

सुगी यांना साष्टांग नमस्कार. शस्त्र, मासा, नाका, डोंगर, उडी आणि गवत, सगळीकडे टोकच निघाले. मराठीत काय करावे? गंजी म्हटले तर ती कायमची, घराजवळची वाटते. सुडी धान्याच्या पेंढ्यांची.

सुगी

उडवी म्हणावे. आकार शंकूचा आहे, शब्द गवता-पेंढ्याचाच आहे, आणि वाचणाऱ्याला चित्र दिसेल.

अर्धविराम (धागाकर्ती)

उडवी घेतली. आत्ताच पान पुन्हा लिहिले, ते असे: "दगडांच्या राशीवर आम्ही एकेक दगड ठेवला आणि अंधार पडता पडता डोंगर उतरलो. वडिलांच्या उडव्या अजून वाहून व्हायच्या होत्या. रात्री जेवायला पाइक मासा होता, त्यामुळे कोणी काही बोलत नव्हते."

एकाच शब्दाची तीन रूपे मूळ लेखिकेने जाणून एका पानावर ठेवली होती की ती आपसूक आली, हे मजकुरातून कळत नाही, आणि मराठीत तो खेळ गेला याची हळहळ आहे. काट्यांची तळटीप मात्र तळ्याकाठी यांच्या शब्दांत घातली आहे. पुढच्या पानावर दुसऱ्या दिवशीच्या चहाबरोबर पाइकलेट आहेत. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढत नाही.